शाळेच्या लायब्ररीची किल्ली हाती आली आहे, पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी काय करू?

ओसरीवरची | २२ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून आम्ही सासरच्या गावी आलो. सातारा जिल्हा, वाईपासून तासाभरावरचं बाजाराचं गाव. मुलगी इथल्याच मराठी शाळेत सहावीला आहे. शाळा पाचवी ते दहावी, अनुदानित, पट तीनशेच्या आत. ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर मंजूर होतं आणि आमचा पट काही तिथवर पोचत नाही. त्यामुळे ग्रंथालयाचा चार्ज मराठीच्या बाईंकडे. त्यांच्याकडेच परीक्षा विभाग आणि पोषण आहाराच्या नोंदी. म्हणजे किल्ली बाईंच्या पर्समध्ये आणि पुस्तकं कपाटात. बाईंना दोष नाही, त्यांना पाणी प्यायला वेळ नसतो.

पालकसभेत मी याबद्दल तोंड उघडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मग ताई, तुम्हीच बघा की." आठवड्यातल्या दोन दुपारी माझ्या गळ्यात पडल्या.

कपाटं चार, त्यातलं एक उघडत नाही. नोंदवहीतला शेवटचा दाखल क्रमांक २३१६, तोही आठ वर्षांपूर्वीचा. प्रत्यक्षात पुस्तकं बरीच कमी. कुणीतरी देणगी दिलेल्या एकाच चरित्राच्या अकरा प्रती. जुनाट गाईडं. वरून आलेले गोष्टीच्या पुस्तकांचे गठ्ठे, नोंद झालेले पण सुतळी न सुटलेले. 'किशोर'चे बांधलेले जुने अंक (हे बघून मी तिथेच फरशीवर बसले). आणि मराठी विश्वकोशाचे नऊ खंड, मधले मधले गायब.

आता खरं दुखणं. सातवीतल्या एका मुलानं 'जलप्रदूषण' प्रकल्प आणला होता. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली आठ पानं, खाली वेबसाइटची जाहिरातही तशीच. मुखपृष्ठावर स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यातून कापलेला मासा. मी विचारलं, "यात काय लिहिलंयस रे?" तो म्हणाला, "माहिती."

तर प्रश्न दोन. कपाटं उघडी ठेवावीत का? आणि ही 'माहिती' नावाची गोष्ट त्या पोरांच्या डोक्यातून कशी काढावी?

---

टवाळ टाळकरी | २२ जून, रात्री १०:३१

जे कपाट उघडत नाही ना, त्यात बघा. ग्रंथपालाचं पद असेल.

---

दाखलक्रमांक | २३ जून, सकाळी ६:०५

मी शाळेतला ग्रंथपाल. ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त. पहाटे उठायची सवय गेली नाही म्हणून पहिल्यांदा मीच सविस्तर लिहितो.

ओसरीवरची ताई, आधी काढायला शिका, मग लावायला. जुनी गाईडं, कालबाह्य नकाशे, वाळवी लागलेली पानं हे सगळं कपाटातून बाहेर. मुलांना वाटतं लायब्ररी म्हणजे पिवळी पुस्तकं, कारण आपणच ती पुढे मांडतो. मात्र निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून पुस्तक कमी करणं, रीतसर करा. यादी, कारण, समिती, मुख्याध्यापकांची सही. परस्पर रद्दीत घातलीत तर उद्या तपासणीत बाईंच्या गळ्याशी येईल. तुम्ही पालक, तुम्हाला कुणी विचारणार नाही.

कुलूप. माझी अख्खी नोकरी या एका शब्दाशी भांडण्यात गेली. शिक्षक पुस्तक देत नाहीत ते दुष्ट असतात म्हणून नव्हे. हरवलेलं पुस्तक पगारातून वसूल होईल ही भीती असते. माझ्या पहिल्या शाळेत मी स्वतः दोन शब्दकोशांचे पैसे भरले आहेत. त्यानंतर दोन वर्षं मीही कोश कपाटाबाहेर काढला नाही, खोटं कशाला बोलू.

पण केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये (२०१७) ग्रंथालयासाठी एक नियम आहे, क्रमांक २१५. वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते रास्त समजावं. त्यात लबाडी किंवा हलगर्जीपणा नसावा, ही अट. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांचा, तुमच्या शाळेला थेट लागू नाही. तरी त्याची प्रत काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. सरकारच म्हणतंय की वापरलेली पुस्तकं थोडी हरवणारच, हे वाचून माणूस जरा सैल होतो. शाळा समितीकडून असाच ठराव करून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टातही प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींचीही पुस्तकं असावीत असं स्पष्ट आहे. 'असावीत' म्हणजे कुलपात नव्हे, हा आपला अर्थ.

वर्गीकरणाबद्दल रात्री लिहितो. बाजारात जायचंय.

---

हडसनकाठची | २३ जून, सकाळी ७:४८

न्यू जर्सीहून. माझी लेक सातवीत. इकडे सहावी ते आठवीची शाळा वेगळी असते आणि तिच्या शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल आहेत (सगळीकडे असतात असं नाही, बजेट कापलं की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच). हेवा वाटावं असं बरंच आहे, पण आज एकच गोष्ट सांगते. तिला पैसे लागत नाहीत.

त्यांना 'माहिती गोळा करा' असं सांगतच नाहीत. पहिला अख्खा तास 'तुला नक्की काय विचारायचंय' यावर जातो. पोरीला 'व्हेल' विषय हवा होता. बाईंनी तिला चार वेळा परत पाठवलं. शेवटी प्रश्न झाला, 'व्हेल किनाऱ्यावर का अडकतात?' मग कुठे पुस्तकाला हात. यामागे आयझेनबर्ग आणि बर्कोविट्झ या दोघांची १९९० च्या सुमारास आलेली सहा पायऱ्यांची पद्धत आहे. काम काय ते ठरवा, कुठे सापडेल याचा अंदाज घ्या, शोधा, वाचून हवं ते घ्या, जुळवा आणि शेवटी आपलं आपण तपासा. वाचायला सोपं आहे, पण आमच्याकडे पहिल्या पायरीवर रडारड झाली.

दुसरं म्हणजे चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, स्वतःच्या शब्दांत, मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव आणि पान. चिठ्ठी तळहाताएवढी असते, त्यामुळे परिच्छेदच्या परिच्छेद उतरवताच येत नाही! पाठकोरे कागद कापून करा.

---

टवाळ टाळकरी | २३ जून, सकाळी ९:२०

चार वेळा परत पाठवलं? आमच्या तलाठी कार्यालयात ट्रेनिंग झालंय वाटतं बाईंचं.

---

भाताचं खाचर | २३ जून, रात्री ८:५५

पालघर जिल्हा, जिल्हा परिषद शाळा, मी सहावी ते आठवीला शिकवतो. वर सगळे संशोधनावर गेलेत, ते छानच. पण ताई, तुमच्या वर्गात वाचताच न येणारी पोरं किती आहेत ते आधी बघा. असतीलच.

माझ्याकडे सातवीत एक पोरगा होता. घरी वारली बोली. अक्षर ओळखायचा, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायचा. त्याच्या हातात सातवीच्या लायकीचं पुस्तक दिलं की तो मुतारीला जायचा आणि तास संपल्यावर यायचा. चित्रांचं पुस्तक दिलं तर अपमान, कारण बाकीची पोरं 'बालवाडी' म्हणून चिडवायची. मग मी त्याला काम दिलं. पहिलीच्या पोरांना रोज मधल्या सुट्टीनंतर एक गोष्ट वाचून दाखवायची. आता चित्रांचं पुस्तक हातात असणं ही त्याची नोकरी झाली! घरी नेऊन तयारी करायचा. पहिलीतली पोरं त्याला 'सर' म्हणायची. दिवाळीपर्यंत एकेक गोष्ट सलग वाचायला लागला. अडखळत, पण सलग.

पुस्तकांसाठी रडू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत. आणि पुस्तकं कपाटात उभी ठेवू नका, नुसते कणे दिसतात. दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा, मुखपृष्ठं समोर दिसू देत. आमची सगळी लायब्ररी दोन भिंती आणि नायलॉनची दोरी.

---

हडसनकाठची | २३ जून, रात्री ९:३०

भाताचं खाचर, दंडवत. आमच्याकडे नेमकं याच्या उलट झालं होतं. आधीच्या शाळेत पुस्तकांच्या कण्यावर वाचनपातळीचे आकडे चिकटवलेले. माझी लेक मैत्रिणींसमोर मुद्दाम जड पुस्तक उचलायची आणि न वाचता परत द्यायची. इथल्या शालेय ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संघटनेचाही अशा लेबलांना विरोध आहे. पातळी पुस्तक निवडून देणाऱ्याला ठाऊक असावी, चारचौघांत पोराच्या कपाळावर चिकटवू नये.

---

दाखलक्रमांक | २३ जून, रात्री १०:४०

दोरीची कल्पना गोष्टींच्या पुस्तकांना उत्तम. पण पोराला 'सुतार पक्ष्याचं घर' शोधायचं असेल तर दोरीवर सापडणार नाही. तिथे वर्गीकरणच लागतं. लोक म्हणतात, ड्यूईचे दशांश आकडे (प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा देण्याची पद्धत) मुलांना झेपत नाहीत, रंगाच्या पट्ट्या लावा. मी वीस वर्षं दोन्ही केलं. कथा-कवितेला रंग लावा, माहितीच्या पुस्तकांना आकडे. पक्षी ५९८, गुरं-ढोरं आणि पाळीव प्राणी ६३६, खेळ ७९६, भारताचा इतिहास ९५४. एवढ्या आकड्यांवर पाचवीतलं पोर महिन्यात सरावतं.

आणि एक गंमत. क्रिकेट म्हणजे ७९६.३५८. मैदानी शर्यती ७९६.४२. दोन पुस्तकं हातात देऊन विचारा, आधी कुठलं लावायचं? निम्मा वर्ग ७९६.४२ आधी लावतो, कारण ३५८ हे ४२ पेक्षा 'मोठे' वाटतात. गणिताच्या सरांना बोलावून तो तास मी कपाटासमोर घेतला आहे. दशांश चिन्हाच्या पुढच्या अंकांची किंमत फळ्यावर जितकी कळली नव्हती तितकी त्या दिवशी कळली.

ओसरीवरची, विश्वकोशाचे खंड वापरताना अकारविल्हे, म्हणजे अक्षरांचा क्रम, आधी घोकून घ्या. आजच्या मुलांना बाराखडी येते, पण 'म'च्या आधी 'भ' हे पटकन सांगता येत नाही. आमच्या शाळेतल्या जाड कोशात 'ज्ञान' हा शब्द 'ज'मध्ये होता, कारण ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ. पोरं शेवटच्या पानांत शोधत बसायची. चिडायची. चिडलेलं पोर ती गोष्ट आयुष्यात विसरत नाही. गायब खंडांची काळजी नको, सगळे खंड ऑनलाइन आहेत. आणि तुम्ही वाईपासून तासाभरावर! विश्वकोशाचं कार्यालय तिथेच आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथे बसूनच तो उभा केला. मुलांना घेऊन जा एकदा.

---

स्क्रीनग्रस्त | २४ जून, दुपारी १:१२

कुणाला वाईट वाटेल, पण विचारतोच. मोबाईलवर एआयला विचारलं की पाच सेकंदांत उत्तर मिळतं. मुलं मोठी होतील तेव्हा हेच वापरणार आहेत. ७९६.३५८ घोकून काय उपयोग? आपण आपल्या लहानपणाची लायब्ररी त्यांच्यावर लादत नाही ना?

---

भाताचं खाचर | २४ जून, दुपारी १:४०

आमच्याकडे रेंज टेकडीवर येते. तुमचे पाच सेकंद आणि आमची वीस मिनिटं चढण.

---

दाखलक्रमांक | २४ जून, दुपारी ४:००

स्क्रीनग्रस्त, प्रश्न योग्य आहे. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असाच आहे. तेव्हा पाच सेकंदांना माझा विरोध नाही. फक्त मिळालेलं उत्तर खरं का, हे पोरगं कशावरून ठरवणार, तेवढं सांगा.

---

ओसरीवरची | १० ऑगस्ट, रात्री ११:०२

दीड महिन्यानं येतेय, धागा तळाला गेला असेल. सगळ्यांचे मनापासून आभार.

झालेलं: ठराव झाला (नियम २१५ ची प्रत खरंच कामी आली, दाखलक्रमांक काका). सुतळ्या सुटल्या. दोऱ्या बांधल्या. शिपाईमामांनी चौथं कपाट उघडून दिलं. टवाळ, त्यात पद नव्हतं, २००३ चे तिळगुळाचे रिकामे डबे होते.

देवघेव पोरंच करतात. आठवीतल्या दोन मुली वहीत लिहितात. आतापर्यंत तीन पुस्तकं हरवली, त्यातली दोन सापडली, एक शेळीनं खाल्लं. शेळीचा जबाब घेतलेला नाही.

न झालेलं: प्रकल्प. पोरं प्रश्नच विचारत नाहीत. "काहीही विचारा" म्हटलं की माना खाली. मग 'चंद्रयान' आणि 'प्लास्टिक बंदी' हे ठरलेले विषय. सवय लागलीय त्यांना की प्रश्न बाईंनी विचारायचा आणि उत्तर खाली असतं.

---

हडसनकाठची | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५५

'काहीही' हा सगळ्यात अवघड विषय आहे हो. रोज जाता-येता दिसणारं काहीतरी द्या.

---

भाताचं खाचर | ११ ऑगस्ट, रात्री ९:१७

बालविज्ञान परिषदेला (ती १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वयोगट) आमची पोरं गेली होती. तिथे निवड होते ती आसपासच्या प्रश्नावर केलेल्या कामाची. आमच्या गटानं पाड्यातल्या तीन विहिरी कधी आटतात ते नोंदवलं. पुस्तकं नंतर लागली, 'खडक कुठला?' असा प्रश्न आला तेव्हा. तोवर लायब्ररीचं नाव काढलं नव्हतं. भूक लागल्यावर ताट वाढायचं.

---

चौकोनी चष्मा | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

आज वाचन प्रेरणा दिन. कलामांचा वाढदिवस. आमच्या मुलाच्या शाळेत प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक देऊन फोटो काढला, अपलोड केला आणि पुस्तकं परत गोळा केली. मुलाच्या हातातलं पुस्तक फोटोत उलटं आहे. धागा वर आणावासा वाटला.

---

ओसरीवरची | १२ डिसेंबर, रात्री १०:२६

चष्मा, आमच्याकडेही फोटो झाला, पण पुस्तकं परत घ्यायला आम्ही विसरलो. मुद्दाम.

आता गोष्ट ऐका. नोव्हेंबरात मी सातवीला सोपं विचारलं, आपल्या गावचा बाजार कधी? "शनिवारी!" का? शांतता. मग मागच्या बाकावरून तोच जलप्रदूषणवाला म्हणाला, "पहिल्यापासून शनिवारीच असतो." मी म्हटलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?

आधी मोबाईल काढला. एआयनं बाजाराबद्दल सुंदर परिच्छेद दिला, त्यात आमच्या गावात नसलेली नदी आणि नसलेला किल्ला होता. पोरं पोट धरून हसली. स्क्रीनग्रस्त, त्या तासाला मला काही शिकवावं लागलं नाही. आपल्या गावाबद्दल खोटं बोललेलं त्यांना लगेच कळलं, आणि एक मुलगी हळूच म्हणाली, "मग चंद्रयानाचं पण खोटं असेल का?" त्यावर अर्धा तास गेला.

मग दाखलक्रमांक काकांना मी व्यनि (खासगी निरोप) केला, आणि त्यांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (इंग्रजांच्या काळातला जिल्हावार माहितीचा सरकारी ग्रंथ) १९ वा खंड सुचवला. सातारा, १८८५. मजकूर इंग्रजी, पण ऑनलाइन मिळतो. इंग्रजीच्या सरांनी आणि मी मिळून शोधला. आमच्या गावावर जेमतेम पाच ओळी आहेत. त्यात आठवडे बाजाराचा वार आहे मंगळवार.

वर्गात काय झालं ते लिहून सांगता येत नाही. छापलेलं चुकीचं असेल? आपण चुकलो असू? दोन गट पडले. त्या मुलाच्या आजोबांचं वय ८४, जन्म याच गावातला. तो चिठ्ठ्या घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी ही चिठ्ठी आणली, जशीच्या तशी देते:

"गॅझेटियर म्हणतं मंगळवार. आजोबा म्हणतात कायम शनिवार. दोघांपैकी एकालाच उलट विचारता येतं."

---

दाखलक्रमांक | १३ डिसेंबर, सकाळी ५:५०

ही चिठ्ठी मी तीनदा वाचली. आजोबांना उलट विचारलं का?

---

ओसरीवरची | १३ डिसेंबर, रात्री ९:४५

विचारलं. आधी आजोबा रागावले. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या बोलण्यात 'मंगळवारचा बैल' असा शब्द यायचा, चांगल्या बैलासाठी. त्यांना वाटायचं, मंगळवारी जन्मला म्हणून.

आता पोरं ग्रामपंचायतीच्या मागे लागली आहेत. वार कधी बदलला त्याची नोंद असेल या आशेनं. ग्रामसेवक म्हणाले, ऑडिट झाल्यावर या. शेजारच्या गावच्या बाजाराचा वार १८८५ मध्ये काय होता तेही एका गटानं काढलंय. त्यांचा अंदाज असा की जवळचे दोन बाजार एका दिवशी येऊ नयेत म्हणून बदलला असेल. पुरावा नाही, म्हणून चिठ्ठीवर 'अंदाज' असं लाल पेनानं लिहायला लावलंय.

---

टवाळ टाळकरी | १३ डिसेंबर, रात्री ९:५८

पहिल्यांदाच टवाळी सुचत नाहीये. 'मंगळवारचा बैल'. वा.

---

हडसनकाठची | १४ डिसेंबर, सकाळी ७:१०

हे सगळं जपून ठेवा हो. इथे पोरांचे प्रकल्प वर्ष संपलं की घरी येतात आणि गॅरेजमध्ये जातात.

---

दाखलक्रमांक | १४ डिसेंबर, सकाळी ७:३५

घरी कशाला? चिठ्ठ्या चिकटवा, बांधणी करून घ्या आणि नोंदवहीत दाखल करा. पुढच्या वर्षीची सहावी तिथून पुढे शोधेल. रीतसर क्रमांक द्या मात्र.

---

ओसरीवरची | २० डिसेंबर, रात्री ८:१५

दिला. २३१७. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते बाईंना कळेना. शेजारी तो मुलगा उभा होता, म्हणाला, "देणगी लिहा बाई, आजोबांकडून."